ओळ संपू दे

आमच्या ऑफिसात बोलून संपलं की 'झालं' म्हणावं लागे. नियम कंपनीचा नव्हता, सरांचा होता. पण शेठ धरून आम्ही मोजकी माणसं, त्यात सर सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत हट्टी, तेव्हा त्यांचा नियम तोच कंपनीचा. तुम्ही 'झालं' म्हटलं नाही तर सर उत्तरच देत नसत. तुम्ही थांबून त्यांच्याकडे बघत राहिलात, तर तेही तुमच्याकडे बघत राहत. चेहऱ्यावर ना राग, ना कंटाळा. नुसतं ऐकणं चालू.

एकदा कनेक्टर विकणारा एक सेल्समन आला. नवा होता बिचारा. त्याने बॅग उघडली, माल दाखवला, घडाघडा बोलला आणि थांबला. सर त्याच्याकडे बघत बसले. त्याला वाटलं, अजून काहीतरी सांगायला हवं. मग त्याने गॅरंटीचं सांगितलं. सर बघतायत. मग त्याने आपल्या साहेबांबद्दल तक्रार केली. सर बघतायत. चहा आला, निवला, आणि तो सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचला. शेवटी मागच्या टेबलावरून आमचा घाटकोपरकर सहकारी ओरडला, "अहो, झालं म्हणा ना!"

सेल्समन घाबरून म्हणाला, "काय झालं?"

"हां," सर म्हणाले, "संपलं ना तुमचं? आम्हाला कनेक्टर नकोत. पण सासऱ्यांना जिना चढू देऊ नका."

मरोळच्या मागे एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खालच्या मजल्यावर पत्रा ठोकणारा प्रेस, वरच्या मजल्यावर अगरबत्त्यांचं पॅकिंग. दिवसभर पायाखाली धाडधाड आणि नाकात मोगरा. आमचं काम वजनकाटे कॉम्प्युटरला जोडायचं. भंगारवाले, गोदामं, तबेले, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे आमची माणसं तारा घेऊन जायची. काटा त्या तारेवरून एकेक अक्षर पाठवतो आणि शेवटी ओळ संपल्याची एक खूण पाठवतो. आपला पायथनमधला प्रोग्रॅम ती ओळ वाचतो. ऐकायला सोपं आहे. पण काटा कधी बोलेल हे काट्याच्या मर्जीवर. तोवर प्रोग्रॅम तारेला कान लावून उभा, दुसरं काही करत नाही. असं उभं राहण्याला आमच्या धंद्यात ब्लॉक होणं म्हणतात.

मला हा शब्द धंद्यात पडायच्या आधीपासून माहीत होता. मी तोतरी आहे. ओठ तयार, श्वास तयार, डोक्यात शब्द लख्ख, आणि गळ्यातून आवाज नाही, त्यालाही ब्लॉकच म्हणतात. लिहिताना मी अडत नाही, म्हणून ही सगळी हौस कागदावर भागवते आहे.

मुलाखतीच्या दिवशी शेठनी पहिला प्रश्न विचारला, "कहां रहती हो बेटा?" मुलुंडचे शेठ, स्वभावाने गोड, पण घाई पाचवीला पुजलेली. मी म्हणायला गेले वाकोला आणि 'वा'वरच अडले.

"विक्रोली?" शेठ म्हणाले.

मी मान हलवली.

"विरार? वसई? अरे, विद्याविहार!"

त्यांनी मला निम्मी मुंबई फिरवून आणली. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. असं आधीही झालं होतं, पुढे काय होतं तेही मला पाठ होतं. समोरचा हसतो, 'हम बता देंगे' म्हणतो, आणि कळवत नाही. तेवढ्यात कोपऱ्यात सोल्डरिंग करत बसलेल्या माणसाने मान वर न करता हात वर केला.

"शेठ, ओळ संपू दे."

शेठ गप्प झाले. तो माणूस सोल्डरिंगची गन स्टँडवर ठेवून माझ्याकडे वळला आणि बघत बसला. मला घाई नाही असं त्याने म्हटलं नाही. सावकाश घे, पाणी पी, दीर्घ श्वास घे, जे प्रत्येक शहाणा माणूस मला सांगतो, त्यातलं काही नाही. प्रेसची धाडधाड चालू होती. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडातून वाकोला बाहेर पडलं.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"मग बसने येता येईल हिला," ते शेठना म्हणाले, आणि नोकरी मिळाली.

आमच्या घरी सगळे माझं वाक्य पुरं करत. प्रेमाने, अगदी मनापासून. मी 'आई, मला प' म्हटलं की आई म्हणे पाणी, दादा म्हणे पेन, बाबा म्हणत पंखा लाव रे तिला. मला पोहे हवे असायचे. मग मी पाणी पिऊन पंख्याखाली बसे. विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना मात्र माझी जीभ कधीच अडली नाही, एवढ्या आवाजांत माझाही आवाज सरळ वाहत जाई. बाहेर आलं, कुणी एकटीला काही विचारलं, की पुन्हा तेच. तेव्हा जगात एक माणूस असा भेटावा, की ज्याला माझा पुढचा शब्द काय असेल याचा अंदाजसुद्धा करायचा नाही, हे माझ्यासाठी केवढं होतं ते कसं सांगू! पहिले काही दिवस मी ऑफिसात मुद्दाम बोलायची. नको तिथे बोलायची. चहा पांचट झालाय हे मी पूर्ण वाक्यात, कर्ता कर्म क्रियापदासकट सांगायची.

सरांचं म्हणणं, दर यंत्राची ओळ संपवायची खूण वेगळी असते. कुणी एक अक्षर पाठवतं, कुणी दोन, कुणी आणखी काही. ती आधी ओळखायची, मग प्रोग्रॅम लिहायचा. माणसांचंही ते तसंच करत. 'झालं'चा नियम आमच्यासाठी होता, पण शेठना त्यातून सूट होती, कारण शेठ प्रत्येक वाक्य 'समझा?'ने संपवत. "त्यांचं झालं म्हणजे समझा," सर म्हणत. घाटकोपरकर सहकाऱ्याचं बोलणं 'ना यार'वर संपे. माझ्याबद्दल एकदा मी विचारलं. सर म्हणाले, "तुझे खांदे खाली येतात. ते आले की समजायचं, ओळ संपली. तू 'झालं' म्हटलं नाहीस तरी चालेल." त्या दिवशी घरी जाऊन मी आरशासमोर बोलून बघितलं. खरंच येत होते.

त्यांच्या आईची मात्र खूण त्यांनाही सापडली नव्हती. आई नाहूरला, सरांसोबत. मूळच्या मालवणकडच्या. दुपारी जेवणं झाली की ऑफिसात त्यांचा फोन येई आणि सर तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवून देत. मग आम्हा सगळ्यांना ते ऐकावं लागे.

"अरे, बांगडे इलले, पन कसले बांगडे, बोटाएवढे, मी तेका म्हटलंय, ह्ये तूच खा, तर तो माकाच सांगता, आजी, आता दर्यात मोठे ऱ्हवले नाय, ऱ्हवले नाय तर मग बाजारात काय माज्या पायाएवढे दिसतत, आनि काय रे, पाण्याचो टँकर..."

"होय गे आये," सर मधूनच म्हणत, सोल्डरिंग चालू ठेवून.

"सर, यांची ओळ संपतच नाही. मग काय करायचं?" मी विचारलं.

"ओंजळ मोठी ठेवायची," ते म्हणाले.

हा ओंजळ शब्द समजावून सांगायला हवा. तारेवरून अक्षरं एकेक करून येतात तेव्हा ती साठवायला प्रोग्रॅममध्ये एक जागा लागते. सगळं जग तिला बफर म्हणतं. सर तिला ओंजळ म्हणत आणि आमच्या सगळ्या प्रोग्रॅमांत तिचं नाव तेच असे. तसंच दोन बटणं एकदम दाबून चालत्या प्रोग्रॅमला थांबवता येतं, त्याला इंग्रजीत इंटरप्ट म्हणजे व्यत्यय. सरांनी त्याचं नाव ठेवलं हाक. "व्यत्यय म्हटलं की मनात आधीच राग येतो," ते म्हणत. "कुणीतरी बोलावतंय एवढंच ते. हाक म्हण." नवीन माणूस आमचा प्रोग्रॅम उघडून बघे आणि त्याला वाटे, हे काय कुणाच्या घरातलं बोलणं लिहून ठेवलंय.

आरे कॉलनीतल्या तबेल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत. तिथे एका तबेलेवाल्याने म्हशी तोलायचा मोठा काटा बसवला होता. खुराक वजनावर ठरवायचा म्हणून. काटा आत गोठ्यात, कॉम्प्युटर बाहेर खोलीत, मध्ये लांबलचक तार. पहिला प्रोग्रॅम सरांनीच लिहिला. काटा बोलेपर्यंत ऐकत राहायचं, बस. पण म्हशी काही कायम काट्यावर नसतात. सगळ्या तोलून झाल्या की तबेलेवाला प्रोग्रॅम थांबवायला जाई आणि तो थांबेना. कसा थांबणार? तो तारेला कान लावून उभा, मागून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. काटा पुन्हा काही बोलेल तेव्हाच तो मान वळवणार, आणि म्हशी तर चरायला गेलेल्या. शेवटी तबेलेवाला वैतागून वायरच उपटून काढी, आणि दिवसभराची वजनं त्याबरोबर जात.

"सर, वाट बघता बघता वाट लागली ना यार," आमचा घाटकोपरकर म्हणाला.

सरांना ते लागलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. ऐकावं, पण बहिरं होऊन ऐकू नये. स्वयंपाकघरातून आई हाक मारतेय आणि हा दारात टपालवाल्याची वाट बघत खांबासारखा उभा, याला काय अर्थ?"

मग घाटकोपरकराने प्रोग्रॅम सुधारला. थोडा वेळ ऐक, काही आलं नाही तर मागे वळून हाक आली का बघ, पुन्हा ऐक. याला टाइमआउट घालणं म्हणतात आणि ते बरोबरच होतं. थांबव म्हटलं की प्रोग्रॅम शहाण्यासारखा थांबू लागला. आम्ही पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी तबेलेवाल्याचा फोन. सरांनी नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"साहब, मेरी भैंस पांच किलो की? भैंस है या मुर्गी?"

झालं होतं असं, की तार लांब, काटा हळूबाई, अक्षरं रमतगमत यायची. म्हशीच्या वजनाचा पाचाचा आकडा आला आणि पुढचे आकडे यायच्या आत मुदत संपली. घाटकोपरकराच्या प्रोग्रॅमने मिळालं तेवढं घेतलं, त्यालाच पूर्ण ओळ मानलं आणि म्हैस पाच किलोची करून टाकली. मागून आलेले आकडे अनाथ होऊन पुढच्या म्हशीच्या नावावर चढले. एक म्हैस कोंबडीएवढी, तर दुसरीचं वजन वाचताना जीभ दमे.

चूक मला सापडली होती. मी सांगायला उठले. पण 'म' त्या दिवशी काही केल्या सुटेना, म्हणून मी नेहमीची युक्ती केली, सोपा शब्द घेतला. "सर, तो... तो प्राणी काट्यावर उभा राहिला की..."

"कोण प्राणी?" सर म्हणाले.

घाटकोपरकर फिस्सकन हसला.

"हा तुझा शब्द नाही. तू दुसरंच काहीतरी म्हणणार होतीस. मला तो शब्द दे."

मला संताप आला. सगळ्यांसमोर! एवढी मेहनत करून मी वाट काढली होती आणि हा माणूस म्हणतो, त्या वाटेने येऊ नकोस. मी डोळ्यांत पाणी आणून उभी राहिले. सर बघत बसले. शेठ केबिनमधून डोकावले आणि परत आत गेले. घाटकोपरकराने हसणं गिळलं. खाली प्रेसची जेवणाची सुट्टी झाली असावी, कारण मला आठवतं, गाळ्यात कधी नव्हे ती शांतता होती. आणि मग 'म्हैस' असा शब्द माझ्या तोंडातून इतक्या जोरात बाहेर आला, की वरच्या अगरबत्तीवाल्या बायकांनाही ऐकू गेला असेल.

"हां, म्हैस," सर समाधानाने म्हणाले. "पुढे?"

पुढचं मी न अडता सांगितलं. अर्धी ओळ हाती राहिली तर टाकायची नाही, आणि पूर्ण समजायचीही नाही. ओंजळीत तशीच ठेवायची, मागे वळून हाक बघून घ्यायची, पुन्हा कान लावायचा आणि पुढचं आलं की त्यालाच जोडायचं. खूण आली की मगच ओळ पुरी. सर ऐकत होते आणि त्यांची मान डुलत होती. शेवटी ते घाटकोपरकराला म्हणाले, "बघ, मुदत घालणं चूक नव्हतं. मुदत संपल्यावर आपल्या मनाने ओळ पुरी केलीस ती चूक."

तो म्हणाला, "सर, मी मुद्दाम नाही केली ना यार."

"कुणीच मुद्दाम करत नाही," सर म्हणाले.

विक्षिप्त तर ते होतेच. टीव्हीवरच्या चर्चा त्यांना बघवत नसत. "एका तारेवर सगळ्यांनी एकदम पाठवलं तर कचराच येणार," म्हणत आणि टीव्ही बंद करत, मग तो दुसऱ्याच्या घरचा का असेना. बँकेचा रेकॉर्ड केलेला फोन आला तर तो शेवटपर्यंत ऐकून घेत आणि वर 'थँक यू' म्हणत. तुम्ही सकाळी काही विचारावं आणि उत्तर संध्याकाळी निघताना यावं. मध्ये काय करत होतात विचारलं तर म्हणत, मला वाटलं तुला अजून काही जोडायचं असेल. गिऱ्हाइकं त्यांच्यावर चिडत. शेठ त्यांना 'मेरा साइलेंट मोड' म्हणत. लग्न का केलं नाहीत असं घाटकोपरकराने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "एका ठिकाणी बोलणी झाली होती. मुलीकडचे म्हणाले कळवतो. अजून ऐकतोय."

आम्ही खूप हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "टाइमआउट घालायला हवा होता," आणि सोल्डरिंगला लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मुलीकडच्यांनी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढे वसाहतच पाडायचं ठरलं. तिथे आता काचेचा उंच टॉवर आहे. शेठ थकले होते, त्यांनी कंपनी आवरली. घाटकोपरकर दुबईला गेला. सर नाहूरला घरी बसून थोडंफार काम करू लागले. मला अंधेरीतच एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. पगार चांगला, एसी थंडगार, माणसं सुशिक्षित. सगळे फार नम्र आहेत. रोज व्हिडिओवर मीटिंग असते. माझी पाळी येते, मी तोंड उघडते, शब्द अडतो, आणि पडद्यावरून कुणीतरी म्हणतं, "तुमचा आवाज येत नाहीये." दुसरं कुणीतरी म्हणतं, "नेटवर्क गेलं वाटतं." तिसरं म्हणतं, "पुढे जाऊ या, तोवर त्या परत जॉइन होतील." मी तिथेच असते. माझा चेहरा त्यांच्या पडद्यावर असतो. माझं वाक्य निघालेलं असतं, फक्त पोचायचं असतं. पण बैठक पुढे गेलेली असते. आता मी बहुतेक वेळा चॅटमध्ये लिहून टाकते, आणि सगळे अंगठा दाखवतात.

अशा दिवशी मला सरांची फार आठवण येते. त्यांचा उपदेश आठवत नाही, त्यांनी उपदेश केलाच नाही कधी. मला त्यांचं बघणं आठवतं. सोल्डरिंगची गन स्टँडवर ठेवून, खुर्ची वळवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन ते बसत. मला ती खुर्ची हवी असते, समोर. दुसरं काही नको. सुरुवातीला मी रविवारी नाहूरला जात असे. आई बांगडे तळायची आणि बोलायची, सर ऐकायचे, मीही ऐकायचे, आणि मध्येच आई श्वास घ्यायला थांबली की सर माझ्याकडे वळत. आईच्या त्या एका श्वासात माझं काय बसणार! मी आपली हसायची. तरी येताना बसमध्ये मी आठवडाभराचं भरून आल्यासारखी बसायची.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. थोड्या दिवसांचं आजारपण. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, हार घातलेला फोटो, फटफट करणारा माइक. शेठ आले होते, पण बोलणार नाही म्हणाले, चष्मा पुसत मागे बसून राहिले. पुढच्या खुर्चीवर आई. एवढीशी झालेली. शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "ते गेल्यापासून बोलतच नाहीत हो त्या. गप्पच. आम्हालाच कसंतरी होतं."

सेक्रेटरी म्हणाले, प्रत्येकाने दोनच शब्द बोलावेत, हॉल पुढे दिलेला आहे. मग एकेक जण उठला. आपल्या बी विंगमधले ज्येष्ठ सभासद. एक सज्जन शेजारी. आमचे काका. असा माणूस पुन्हा होणे नाही. सगळे चांगलंच बोलले. मी ऐकत होते आणि मला काहीतरी टोचत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की इतक्या जणांत एकानेही त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी माइक हातात घेतला. आता सांगायला हवं, की इतक्या वर्षांत मीही त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. ज्या अक्षराने ते सुरू होतं ते अक्षर माझा जन्माचा वैरी आहे. सर म्हणणं सोपं, नुसता श्वास सोडला तरी अर्धं होतं. तेव्हाही सर म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो माझा शब्द नव्हता. मला त्यांचं नाव घ्यायचं होतं, म्हणून मी त्याच अक्षरावर ओठ ठेवले, आणि ते अडलं.

लोक बघत होते. मग बघायचं थांबून खाली बघू लागले. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"ताईंच्या भावना अनावर झाल्यात," सेक्रेटरी हळुवारपणे म्हणाले आणि माझ्या हातातल्या माइककडे हात पुढे केला. "साहजिक आहे. बसा ताई. पाणी द्या रे त्यांना."

"माइक ऱ्हवांदे तिच्याकडे."

आवाज पुढून आला होता. सेक्रेटरींचा हात तिथेच थांबला.

"तुका घाई खंय आसा?" आई त्यांना म्हणाल्या. "तिका बोलाक दी."

मग त्या खुर्चीत माझ्याकडे वळून बसल्या. ज्या बाईला सर असेपर्यंत कुणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, ती दोन्ही हात मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. घाई मात्र संपली. ओठ कितीतरी वेळ तसेच राहिले, आणि मग सरांचं नाव आलं. आधी नाव, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. अख्खं.

पुढचं वाक्य मी पाठ करून आले होते, ते साफ विसरले. माइक सेक्रेटरींना देऊन मी आईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सभा पुढे सुरू झाली. कुणीतरी दोन मिनिटं उभं राहायचं जाहीर करत होतं. आईंनी माझं मनगट धरलं आणि तोंड कानाशी आणलं.

"परत एकदा घे गो," त्या म्हणाल्या. "माज्या झिलाचा नाव. कोणीच घेतल्यान नाय."

मी त्यांच्याकडे वळले आणि पुन्हा तोंड उघडलं. पहिलं अक्षर पुन्हा अडलं. सगळे उभे राहिले होते. त्या बसूनच राहिल्या, माझ्याकडे बघत.